चार दिवस काचा खाली घ्यायच्या नाहीत

कुंडलिक विशे हा माणूस घाबरट आहे, हे किन्हवलीच्या आसपास कुणाला मुद्दाम सांगावं लागत नाही. तो स्वतःच सांगतो. "आपल्याला नाय जमायचं, आपण घाबरतो," एवढं म्हणून त्याने आजवर ग्रामपंचायतीच्या बिनविरोध जागेपासून लग्नातल्या वरातीत नाचण्यापर्यंत पुष्कळ गोष्टी टाळल्या. म्हशाच्या जत्रेला तो दरवर्षी जातो, पण आकाशपाळण्याच्या जवळूनसुद्धा जात नाही, लांबून वळसा घालतो. पांढरी इको घेतली तीही गावची भेंडी शहापूरच्या बाजारात न्यायला. ती गाडी त्याने तीसच्या वर कधी नेली नाही. मागून कुणी हॉर्न वाजवून वैतागला, तर हा गाडी बाजूला घेऊन त्याला हात जोडतो.

मोबाइलचंही तेच. सावध राहा असं सांगणारा कुठलाही मेसेज आला, की तो खरा की खोटा हे बघण्याइतका धीर कुंडलिकला नसतो. तो आधी सगळ्या ग्रुपवर पाठवून मोकळा होतो आणि मग पाणी पितो. गावाने त्याची चेष्टा करून वीस-पंचवीस वर्षं मजेत काढली. चेष्टा करणारे गप्प झाले ते अगदी अलीकडे, कारण कुंडलिकला भ्यायला खरोखरचं कारण मिळालं.

त्याची मुलगी भाविका. वय चौदा. होळीच्या सुमाराला तिच्या दोन्ही गालांवर लाल चट्टा उठला. उन्हातून आली असेल म्हणून तिच्या आईने, शकूने, चंदन उगाळून लावलं. मग बोटांचे सांधे सुजले, सकाळी वेणी घालता येईना, ताप येऊन-जाऊन राहू लागला. शहापुरात दोन डॉक्टर झाले, आणि शेवटी कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून आजाराला नाव दिलं. ल्युपस. त्या बिचाऱ्या अर्धा तास समजावत बसल्या. गोळ्या नेमाने घेतल्या तर मुलगी चांगली राहील, शिकेल, संसार करील, पण उन्हात जायचं नाही. उन्हाने हा आजार उसळतो, आणि फार उसळला तर किडनीवर जातो. एवढ्या सगळ्या बोलण्यातले दोनच शब्द कुंडलिकच्या डोक्यात उरले. ऊन आणि किडनी.

आता शेतकऱ्याने उन्हाला भ्यायचं म्हणजे काय करायचं? उभं आयुष्य त्याने देवाकडे ऊन मागितलं होतं. कापलेलं भात वाळायला ऊन, भेंडीवरचा रोग जायला ऊन. आता तो सकाळी उठून आभाळाकडे बघायचा आणि लख्ख उजाडलेलं दिसलं की आधी भाविकाची खिडकी लावून घ्यायचा. त्याने अंगणावर ताडपत्री ताणली, खिडक्यांना गोणपाटं लावली. पोरगी भरदिवसा दिवा लावून वाचत बसायची. जूनमध्ये शाळा सुरू झाली, हिचा बाक रिकामा राहिला. मैत्रिणी वह्या घेऊन यायच्या, मग त्यांचं येणं कमी झालं. भाविका दारातल्या सावलीच्या कडेपर्यंत पाय आणून उभी राहायची, आणि कुंडलिकने हाक मारली की आत जायची.

सप्टेंबरात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे नवे आकडे बघितले आणि म्हणाल्या, दिवाळीनंतर शाळेत पाठवायला हरकत नाही. पूर्ण बाह्या, तोंडाला क्रीम, वर ओढणी, आणि गाडीने न्या-आणा. भाविका त्या खोलीत हसली. सहा महिन्यांनी हसली. पण बाई पुढे म्हणाल्या की गाडीच्या बाजूच्या काचांना चांगली फिल्म बसवून घ्या, कारण नुसत्या काचेतून उन्हातली बाधणारी किरणं आत येतातच. हे ऐकलं आणि कुंडलिकचं हसू तिथेच विरलं. इतके महिने तो लेकीला त्याच गाडीच्या खिडकीशी बसवून कल्याणला नेत होता, आणि आपण सावलीतून नेतोय अशी त्याची समजूत होती.

तेव्हापासून फिल्मचं दुकान शोधणं हा एकच ध्यास त्याने घेतला. शहापुरात हायवेला लागून साईनाथ नावाच्या तरुणाचं दुकान होतं. साईनाथने आधी आजाराचं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि एक फिल्म पुढे ठेवली. ती बघून कुंडलिक चक्रावला, कारण तिच्यातून पलीकडचं सगळं दिसत होतं, अगदी रस्त्यावरच्या ट्रकचा नंबरसुद्धा. साईनाथने एक छोटा दिवा पेटवला, पुढे आकडे दाखवणारं यंत्र धरलं, आणि मध्ये फिल्म सरकवली. आकडा शून्यावर आला. डोळ्यांना दिसतो तो उजेड वेगळा आणि पोरीला बाधतो तो वेगळा, असं त्याने सांगितलं. गडद काळी फिल्म लावू नका, ती कायद्यात बसत नाही, आणि स्वस्तातली असली तर काळी असूनही ही किरणं पुरती अडवीलच असं नाही. कुंडलिकने मान डोलावली, विचार करून येतो म्हणाला आणि निघाला.

आता विचार करायचा होता म्हणजे काय, तर भ्यायचं होतं. लवकर पिकणारं हळवं भात कापणीला आलं होतं. विळा चालवता चालवता तो दोन दिवस त्या फिल्मचाच विचार करत होता. ज्यातून ट्रकचा नंबर दिसतो ती सावली कसली? पळसाखाली बसलं तर ऊन ठिपक्याठिपक्यांनी अंगावर येतंच, आंब्याखाली येत नाही, कारण आंब्याची सावली काळी. हे त्याला शाळेत न जाता कळत होतं. यंत्रातल्या आकड्याचं काय, आकडा कुणीही दाखवील. शकू म्हणाली, पोरगा चांगल्या मनाचा वाटला ना, मग ऐका त्याचं. पण चांगल्या मनाचा माणूससुद्धा चुकू शकतो, आणि त्याची चूक भाविकाच्या किडनीत जाणार, या विचाराने कुंडलिकला घाम फुटला. तिसऱ्या दिवशी तो मुरबाडला गेला.

मुरबाडात प्रणितचं सीट कव्हरचं दुकान. प्रणितने काही विचारलं नाही, काही समजावलं नाही, सर्वांत काळी हवी म्हटल्यावर सर्वांत काळी काढली. तासाभरात गाडीच्या काचा तव्याच्या बुडासारख्या झाल्या. कुंडलिकने आत बसून दार लावून घेतलं आणि सात महिन्यांत पहिल्यांदा त्याला जरा मोकळा श्वास आला. निघताना प्रणितने दोन गोष्टी सांगितल्या. पोलीस दिसले तर आपलं आपण बघायचं. आणि चार दिवस काचा खाली घ्यायच्या नाहीत, ओली फिल्म आहे, बुडबुडे येऊन सगळी सुटेल. पहिल्या गोष्टीने कुंडलिकची बोबडी वळली, दुसरी त्याने मंत्रासारखी पाठ केली. घरी आल्यावर काचेच्या हँडलांना त्याने चिकटपट्ट्या मारल्या, म्हणजे चुकून कुणाचा हात लागायला नको. संध्याकाळी भाविका गाडीत बसून बघून आली. "बाबा, आतून भाईरचं काय दिसत नाय," एवढंच म्हणाली. कुंडलिकला वाटलं, पोरीने शाबासकी दिली.

दोन दिवसांनी, गुरुवारी, भाविकाच्या रक्ततपासणीची तारीख होती. मुरबाडच्या लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. शकूला कापणीला थांबावं लागलं, म्हणून बापलेक दोघंच गेले. रक्त देऊन दहाच्या सुमाराला परत निघाले. सरळगावच्या नाक्याच्या अलीकडेच कुंडलिकला समोर पोलिसांची गाडी आणि थांबवलेल्या दोन-तीन मोटारी दिसल्या. पावती फाडली असती आणि सोडलं असतं, फार तर फिल्म काढायला लावली असती. पण फिल्म काढायला लावली तर पुढचा सगळा रस्ता लेक उन्हात येणार. कुंडलिकने इंडिकेटर दिला आणि गाडी सरळ आतल्या रस्त्याला घातली.

तो रस्ता त्याने आयुष्यात एकदाच पाहिला होता. दोन्ही बाजूला भाताची खाचरं, कुठे कापलेली, कुठे उभी, माणसं लांब लांब वाकलेली. दोन-तीन वळणं झाली आणि मागच्या सीटवरून भाविका म्हणाली की गरगरतंय. उपाशी पोट, वर रक्त दिलेलं. गोळ्याही खायच्या राहिल्या होत्या. पुढे एक गाव लागलं, गावाच्या तोंडाशीच जिल्हा परिषदेची शाळा, आणि शाळेच्या भिंतीला लागून एक मोठा उंबर. त्याची सावली आंब्याइतकी काळी होती. कुंडलिकने तिथे गाडी उभी केली. बिस्किटं होती, पाण्याची बाटली रिकामी. मधल्या सुट्टीतली एक लहान मुलगी भिंतीपाशी खेळत होती. कुंडलिक खाली उतरला, आणि आपल्या घाबऱ्या, हळू आवाजात त्याने तिला जवळ बोलावलं. बाळा, इकडे ये, थोडं पाणी आणशील का, असं काहीसं तो म्हणाला.

मुलीने त्याच्याकडे बघितलं, काळ्या काचांकडे बघितलं, आणि ती पळत सुटली.

पाणी आणायला गेली असेल म्हणून कुंडलिक वाट बघत राहिला. पाण्याऐवजी मोटारसायकलींचा आवाज आला. दोन पोरं आली, एकाने गाडी इकोच्या पुढे आडवी लावली, एकाने मागे. मग खाचरांतून बाया यायला लागल्या. पाच आल्या, मग दहा, मग पंधरा, मागून पुरुष. सगळे तसेच कापणीतून उठून आले होते, आणि कापणीतून उठलेल्या माणसाच्या हातात विळा असतोच. कुणी तो मुद्दाम आणला नव्हता. पण कुंडलिकला विळेच दिसले, माणसं दिसली नाहीत. त्याने पटकन गाडीचं मागचं दार चाचपून बघितलं. आतून बंद होतं.

कुठला, कुणाकडे आलास, पोरीला कशाला बोलावलंस, असे चारी बाजूंनी प्रश्न आले. कुंडलिकने गावाचं नाव सांगायला तोंड उघडलं तर नुसता वारा बाहेर पडला. पुढच्या पोराने दारावर थाप मारली आणि काच खाली घ्यायला सांगितली.

कुंडलिक म्हणाला, "चार दिवस काच खाली घ्यायची नाय."

"का नाय घ्यायची?"

"दुकानवाल्यानी सांगितलंय. बुडबुडे येतील."

मागे कुणीतरी हसलं, आणि लगेच थांबलं. एवढ्या बिनडोक उत्तरात काहीतरी मोठं लपलेलं असणार, असं प्रत्येकाला वाटलं असावं. तोवर त्या पोराने पुढच्या काचेला डोळे लावून, दोन्ही हातांची ओंजळ करून आत बघितलं होतं. त्याला चिकटपट्टी मारलेलं हँडल दिसलं. मागच्या काळोखात कुणीतरी बसलेलं दिसलं. तोंडाला गच्च ओढणी.

"आत पोरगी हाय," तो वळून म्हणाला. "तोंड बांधलंय तिचं."

गर्दी एकदम गप्प झाली. ती शांतता कुंडलिक मरेपर्यंत विसरणार नाही. आरडाओरडा होता तोवर ती माणसं होती. त्या शांततेत ती काय होतील हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. कुणीतरी त्याची कॉलर धरली. कुणीतरी मोबाइल त्याच्या नाकापुढे नाचवला आणि मेसेज वाचून दाखवला. शाळांच्या आसपास पांढरी गाडी फिरते, काचा काळ्या, पाणी मागायच्या निमित्ताने पोरांना जवळ बोलावतात, सर्व आयाबहिणींनी सावध राहावे. कुंडलिकला पुढचं वाक्य वाचायच्या आधीच येत होतं. सोमवारी सकाळी तोच मेसेज त्याने आठ ग्रुपवर पाठवला होता. समोरची माणसं वाईट नव्हती. ती त्याच्यासारखीच घाबरलेली होती, आणि तशी घाबरलेली माणसं काय करतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"पोरगी माझी हाय," तो कसाबसा म्हणाला.

तुझी आहे तर बाहेर काढ, असं पुढे उभी असलेली एक म्हातारी म्हणाली. तिला सगळे धोंडूबाई म्हणत होते, आणि तिच्या मागे ती मघाची लहान मुलगी लुगडं धरून उभी होती. म्हातारी ओरडली नाही. साधं, रोखठोक म्हणाली. ते ऐकलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. दार उघडायचं, लेकीला खाली उतरवायचं, नाव सांगायचं. कुंडलिकने वर बघितलं. गर्दीने ढकलत, रेटत त्याला गाडीच्या दुसऱ्या अंगाला आणलं होतं आणि त्या बाजूला उंबराची सावली नव्हती. अकराचं ऊन सरळ दारावर पडलं होतं.

"ऊन हाय," तो म्हणाला. "आता नाय काढनार. ऊन उतरू दे, मंग काढतो."

हे बोलून जन्मभर रस्त्यातून बाजूला होत आलेला हा माणूस दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. पहिली थप्पड बसली तेव्हा त्याचा चष्मा पडला. दुसरी कानावर बसली. एकाने हात धरून ओढलं तर त्याने दाराच्या मुठीत बोटं अडकवली. तो थरथरत होता, रडत होता, पँट ओली झाली होती, हे सगळं खरं आहे आणि पुढे त्याने कधी लपवलंही नाही. पण बोटं सोडली नाहीत. मागे एका माणसाने दगड उचलला.

तेवढ्यात पलीकडचं दार सरकल्याचा आवाज आला.

भाविका उंबराच्या बाजूने उतरली, गाडीला वळसा घालून आली, आणि बापाच्या आणि त्या माणसांच्या मध्ये, भर उन्हात उभी राहिली. तिने ओढणी सोडली. गालांवरचा चट्टा उन्हात तांबडा लाल दिसत होता. बाही वर सरकवून तिने कोपराजवळ चिकटवलेला कापूस दाखवला. आपलं पूर्ण नाव सांगितलं, शाळा सांगितली, वर्ग सांगितला, जसं वर्गात उभं राहून सांगतात तसं. मग म्हणाली, "हे माझे बाबा हायत. मला उन्हाचा आजार हाय म्हणून काचा काळ्या केल्यात. यांना मारू नका."

दगड कुणाच्या हातातून पडला ते दिसलं नाही, नुसता पडल्याचा आवाज आला. धोंडूबाईने विळा टाकला, पुढे येऊन पोरीच्या डोक्यावर आपला पदर धरला, आणि मागच्या बायांवर खेकसली की बघत काय उभ्या राहिल्यात. तशा चार-पाच जणी आल्या, चारी बाजूंनी पदर धरले, आणि त्या पदरांच्या सावलीतून भाविकाला शाळेच्या पडवीत नेलं. मास्तरांनी पाणी आणलं, कुणी भाकरी आणली. कॉलर धरणाऱ्या पोराने चष्मा शोधून, सदऱ्याला पुसून कुंडलिकच्या हातात दिला आणि तो मान खाली घालून उभा राहिला. पुढच्या गावात तेच घडू नये म्हणून त्याच पोरांनी मग काळी फिल्म ब्लेडने खरवडून काढली, आणि भाविकाला ऊन लागू नये म्हणून मागच्या काचांना आतून गोधड्या बांधून दिल्या. कुंडलिक पडवीत बसून भाविकाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता, की किती वेळ होतीस उन्हात.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर त्या आठवड्यात तिला ताप आला, गोळ्या वाढवाव्या लागल्या, आणि शाळा दिवाळीऐवजी डिसेंबरावर गेली. साईनाथने ती आरपार दिसणारी फिल्म बसवून दिली. पण त्याआधी तिथे दोनदा जाऊन आकडा शून्यावर येताना बघितल्याशिवाय कुंडलिकने गाडी ताब्यात दिली नव्हती. मेसेज तो अजून वाचतो, पाठवत मात्र कुणाला नाही. गावात कुणी त्या दिवसाचा विषय काढला तर म्हणतो, आपण लई घाबरलो होतो, आणि ते खरंच आहे.

पण त्या दुपारी, गोधड्या बांधलेल्या गाडीत, दोघं निघाले. गाव मागे पडल्यावर भाविका मागून म्हणाली, "बाबा, त्यांनी दगड उचलला होता. तुमी दार का नाय उघडलंत?"

कुंडलिकला तो प्रश्न नीट कळलाच नाही. त्याने आरशातून तिच्याकडे बघितलं.

"ऊन होतं ना गो," तो म्हणाला.

भाविकाने तोंडावर ओढणी ओढून घेतली. घर येईपर्यंत ती ओढणीच्या आत रडत होती, आणि कुंडलिक वीसच्या वेगाने गाडी चालवत होता.